औषधाची चिठ्ठी आणि निःपक्ष माहिती : एका प्रश्नाचा आढावा

वैद्यकीय पदवी घेतल्यानंतर डॉक्टर साधारणपणे तीस-चाळीस वर्षे व्यवसाय करतो. या काळात महाविद्यालयात शिकलेल्या औषधांपैकी पुष्कळशी मागे पडतात, काही अपायकारक ठरून बाजारातून काढून घेतली जातात आणि पाठ्यपुस्तकात ज्यांचे नावही नव्हते अशी अनेक औषधे त्याच्या चिठ्ठीत रुळतात. या बदलांचे ज्ञान त्याला कोणाकडून आणि कोणत्या हेतूने मिळते, हा वैद्यकशास्त्राइतकाच सार्वजनिक धोरणाचाही प्रश्न आहे. औषधाची निवड डॉक्टर करतो, ते घेतो आणि त्याचे पैसे मोजतो रुग्ण, आणि निवडीसाठी लागणारी माहिती मात्र बहुतांशी औषध विकणारी कंपनी पुरवते. ज्याला वस्तूची पारख नाही त्याच्या वतीने दुसऱ्याने निवड करायची आणि त्या दुसऱ्याला विक्रेत्याने शिकवायचे, अशी ही रचना असल्यामुळे बाजारातली नेहमीची स्पर्धा येथे ग्राहकाचे रक्षण करू शकत नाही.

या प्रश्नावर गेल्या चार दशकांत जे संशोधन आणि जे प्रयोग झाले, त्यांतून एक निष्कर्ष स्पष्टपणे निघतो. विश्वसनीय शास्त्रीय माहिती जगात मुबलक आहे. पण ती डॉक्टरच्या टेबलापर्यंत नेणारी कायमस्वरूपी यंत्रणा औषध कंपन्यांनी उभारली, समाजाने उभारली नाही, आणि जेथे समाजाने ती उभारली तेथेही ती टिकवण्याची हमी दिली नाही. प्रस्तुत आढाव्यात आधी माहितीच्या व्यापारी मार्गाचे स्वरूप, मग त्याला पर्याय म्हणून झालेले प्रयोग, त्यांचे तंत्र, यश आणि मर्यादा आणि शेवटी भारतातील व विशेषतः महाराष्ट्रातील परिस्थिती यांचा विचार केला आहे.

माहितीचा व्यापारी मार्ग

औषध कंपनीचा वैद्यकीय प्रतिनिधी, म्हणजे बोलण्यातला एमआर, हा अनेक खासगी डॉक्टरांना नव्या औषधांशी जोडणारा पहिला दुवा असतो. ठरलेल्या यादीतील डॉक्टरांना ठरलेल्या अंतराने भेटणे हे त्याचे काम आणि अशा प्रत्येक भेटीला या धंद्यात ‘कॉल’ म्हणतात. दोन रुग्णांच्या मधल्या दोन-तीन मिनिटांत तो ‘व्हिज्युअल एड’ नावाची चित्रमय पुस्तिका उघडतो, तिच्या प्रत्येक पानावर एका ब्रँडविषयी एकच ठसठशीत विधान असते आणि निघताना सॅम्पल किंवा ब्रँडचे नाव छापलेली एखादी वस्तू टेबलावर ठेवली जाते. भेटीचा परिणाम मोजण्याचीही सोय असते : प्रतिनिधी परिसरातल्या औषधदुकानांत जाऊन कोणत्या डॉक्टरच्या चिठ्ठीवर कोणता ब्रँड किती खपला याची विचारपूस करतो आणि ‘आरसीपीए’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पाहणीचे आकडे वर कळवतो. अमेरिकेत हेच काम चिठ्ठ्यांच्या संगणकीय नोंदी विकत घेऊन होते, आणि त्या नोंदींच्या व्यापारी वापरावर मर्यादा घालणारा व्हरमाँट राज्याचा कायदा तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर रद्दबातल ठरवला.

प्रतिनिधी खोटेच बोलतो असे मानण्याचे कारण नाही. या माहितीचा खरा दोष तिच्यात जे सांगितले जात नाही त्यात असतो. जुने आणि स्वस्त औषध तितकेच गुणकारी आहे, या तक्रारीला औषधाची गरजच नाही, मीठ कमी केल्याने किंवा चालण्याने रक्तदाब काही अंशी उतरेल, अशी विधाने कोणत्याही ब्रँडच्या पुस्तिकेत असू शकत नाहीत, कारण त्यांच्यामुळे काहीच विकले जात नाही. डॉक्टरांना हे कळत नाही असेही नव्हे. पण आपल्यावर जाहिरातीचा परिणाम होत नाही हा त्यांचा विश्वास तपासाला उतरत नाही. जेरी एव्हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये बोस्टन परिसरातील डॉक्टरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यासाठी त्यांनी अशी औषधे निवडली होती की ज्यांच्याबद्दल शास्त्रीय नियतकालिके एक सांगत होती आणि जाहिराती नेमके दुसरे. बहुतेक डॉक्टरांनी आपण शास्त्रीय लेखनावर भिस्त ठेवतो असे सांगितले, परंतु त्या औषधांविषयीची त्यांच्यापैकी अनेकांची मते जाहिरातींशी जुळणारी निघाली. पुढे २०१० मध्ये जेफ्री स्पर्लिंग आणि सहकाऱ्यांनी या विषयावरील ५८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा कंपन्यांकडून आलेल्या माहितीमुळे औषधयोजना एकंदरीत सुधारते असे दिसले नाही. उलट त्या माहितीचा संबंध अनेक अभ्यासांत अधिक औषधे, अधिक खर्च किंवा कमी दर्जाची निवड यांच्याशी आढळला.

१९८३ सालचे दोन प्रयोग

एव्हॉर्न यांनी या निरीक्षणावरून काढलेला निष्कर्ष साधा पण वेगळा होता. कंपन्यांचा मजकूर पक्षपाती असला तरी त्यांची पद्धत परिणामकारक आहे. तेव्हा पद्धत त्यांची घ्यावी आणि मजकूर विद्यापीठाचा ठेवावा. प्रतिनिधीप्रमाणेच एखाद्या प्रशिक्षित व्यक्तीने डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन समोरासमोर बोलावे, मात्र तिला काहीही विकायचे नसावे, या उपक्रमाला ‘अकॅडेमिक डिटेलिंग’ असे नाव मिळाले. मराठीत त्याला शैक्षणिक भेटी म्हणता येईल.

एव्हॉर्न आणि स्टीफन सुमराय यांनी या कल्पनेची यादृच्छिक नियंत्रित चाचणी केली, म्हणजे कोणत्या डॉक्टरला कोणत्या गटात घालायचे हे सोडत काढल्याप्रमाणे ठरवले, जेणेकरून गटांमधला पुढचा फरक प्रयोगामुळेच पडला असे म्हणता यावे. अमेरिकेतील ४३५ डॉक्टरांचा समावेश असलेल्या या चाचणीचे निष्कर्ष १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. गरजेपेक्षा जास्त वापरली जाणारी तीन प्रकारची औषधे तिच्यासाठी निवडली होती : प्रोपॉक्सिफीन हे वेदनाशामक, वृद्धांच्या विस्मरणावर दिली जाणारी रक्तवाहिन्या रुंदावणारी औषधे आणि सेफॅलेक्सिन हे प्रतिजैविक. एका गटाला फक्त छापील पत्रके टपालाने गेली, दुसऱ्याला पत्रकांबरोबर औषधशास्त्र जाणणाऱ्या फार्मासिस्टच्या भेटी मिळाल्या, तिसऱ्याला काहीच नाही. ज्यांना भेटी देऊ केल्या होत्या त्यांच्या चिठ्ठ्यांतून ही औषधे तिसऱ्या गटाच्या तुलनेत १४ टक्क्यांनी कमी झाली. नुसती पत्रके मिळालेल्यांमध्ये दखल घेण्याजोगा फरक पडला नाही. यांपैकी प्रोपॉक्सिफीन पुढे हृदयावरील दुष्परिणामांमुळे २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेले आणि भारतातही २०१३ मध्ये त्यावर बंदीचा आदेश निघाला.

त्याच वर्षी टेनेसी राज्यातील विल्यम शाफनर, वेन रे आणि सहकाऱ्यांनी प्रतिजैविकांवर केलेला प्रयोगही प्रसिद्ध झाला. त्यात टपालाने पाठवलेले पत्रक, फार्मासिस्टची भेट आणि अनुभवी डॉक्टरने सहव्यावसायिक म्हणून घेतलेली भेट अशा तीन पद्धतींची तुलना होती. पत्रक निष्प्रभ ठरले, फार्मासिस्टच्या भेटीचा परिणाम माफक होता आणि डॉक्टरने डॉक्टरला भेटण्याचा सर्वांत जास्त. दोन्ही प्रयोगांचा रोख एकच होता : कागद पोचला म्हणजे ज्ञान पोचले असे होत नाही.

भेटीचे तंत्र

१९९० मध्ये सुमराय आणि एव्हॉर्न यांनी अशा भेटींची तत्त्वे मांडली. भेट देणाऱ्याने प्रथम डॉक्टरची सध्याची पद्धत आणि तिच्यामागची कारणे समजून घ्यावीत, कारण प्रतिजैविक लिहिणारा प्रत्येक डॉक्टर अज्ञानापोटी ते लिहीत नाही; कोणाला रुग्ण दुसरीकडे जाण्याची धास्ती असते, तर कोणाला रुग्ण पुन्हा दाखवायला येणार नाही याची. भेटीचा विषय एकच असावा, उद्दिष्ट ठरलेले असावे, वादाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात, डॉक्टरला बोलते करावे, एक-दोन पानांचा सुबक तक्ता मागे ठेवावा आणि काही आठवड्यांनी पुन्हा येऊन बदल झाला असल्यास त्याची दखल घ्यावी. ‘हे लिहू नका’ एवढेच सांगणारी भेट फसते. त्याऐवजी काय लिहावे, रुग्णाला काय सांगावे, याचा पर्याय तिने द्यावा लागतो.

अशा भेटीत पुरावा कसा मांडला जातो हे एका उदाहरणावरून कळेल. रक्तातील चरबी कमी करणाऱ्या जेमफायब्रोझिल या औषधाची फिनलंडमध्ये चार हजारांहून अधिक मध्यमवयीन पुरुषांवर चाचणी झाली आणि ‘हेलसिंकी हार्ट स्टडी’ या नावाने तिचे निष्कर्ष १९८७ मध्ये आले. पाच वर्षांत औषध न घेणाऱ्या दर हजारी ४१.४ पुरुषांना, तर औषध घेणाऱ्या दर हजारी २७.३ पुरुषांना हृदयविकाराची गंभीर घटना झाली. या आकड्यांतून ‘धोका ३४ टक्क्यांनी घटतो’ असे विधान करता येते आणि ते खोटे नाही. यालाच सापेक्ष घट म्हणतात. परंतु त्याच आकड्यांवरून असेही म्हणता येते की शंभर जणांनी पाच वर्षे औषध घेतले तर सुमारे दीड जणाचाच त्रास टळतो, म्हणजे एकाचा त्रास टाळण्यासाठी सुमारे ७१ जणांना पाच वर्षे औषध द्यावे लागते. ही झाली निरपेक्ष घट. शिवाय दोन्ही गटांतील एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक नव्हता. इटलीतील संशोधकांनी याच चाचणीचे निष्कर्ष वेगवेगळ्या रूपांत डॉक्टरांपुढे ठेवले तेव्हा सापेक्ष घट वाचणाऱ्यांची औषध लिहिण्याची तयारी निरपेक्ष घट वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त दिसली. जाहिरातीत बहुधा पहिला आकडा असतो. शैक्षणिक भेटीत दोन्ही असतात, आणि त्यामुळे हा लाभ कोणत्या रुग्णासाठी खर्चाच्या आणि दुष्परिणामांच्या मोलाचा आहे हे डॉक्टरला स्वतः ठरवता येते.

परिणाम किती, कोठे आणि का

या पद्धतीच्या परिणामांचा सर्वांत व्यापक आढावा कोक्रेन या संस्थेसाठी मेरी ॲन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये घेतला. त्यात ६९ चाचण्या आणि १५ हजारांहून अधिक आरोग्य व्यावसायिक होते. औषधयोजनेच्या बाबतीत अपेक्षित पद्धतीचे पालन मध्यकानुसार ४.८ टक्केबिंदूंनी वाढले आणि साधारण निम्म्या अभ्यासांत ही वाढ तीन ते साडेसहा टक्केबिंदूंच्या दरम्यान होती. म्हणजे शंभरांपैकी पन्नास चिठ्ठ्या योग्य असतील तर भेटींनंतर त्या साधारण पंचावन्न होतात. डॉक्टरला त्याच्याच चिठ्ठ्यांचा गोषवारा इतरांच्या तुलनेत दाखवणे, या दुसऱ्या मान्यताप्राप्त उपायाचाही परिणाम २०१२ च्या कोक्रेन आढाव्यात साधारण तेवढाच, ४.३ टक्केबिंदू, आढळला.

हा आकडा पाहून दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात आणि दोन्ही अपुऱ्या आहेत. शंभरांतल्या पाच चिठ्ठ्या ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण उच्च रक्तदाब, मधुमेह किंवा साधा खोकला अशा रोज लाखोंनी येणाऱ्या तक्रारींच्या बाबतीत तेवढ्याच फरकाने असंख्य रुग्णांचे अनावश्यक औषध वाचते. दुसऱ्या बाजूने, एकदाच्या मोहिमेने वर्तन बदलते ही अपेक्षाही चुकीची आहे. रक्तदाबावरील ‘ऑलहॅट’ ही ३३ हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी अमेरिकेत मुख्यतः सार्वजनिक पैशातून झाली आणि थायझाइड वर्गातले जुने, स्वस्त औषध महागड्या औषधांच्या तोडीचे असल्याचे तिने २००२ मध्ये दाखवले. हे निष्कर्ष पोचवण्यासाठी डॉक्टरांनीच डॉक्टरांना भेटण्याची मोठी मोहीम निघाली, तरी थायझाइडचा वापर मोजकाच वाढला. नव्या औषधांचा प्रचार त्याच काळात अखंड चालू होता आणि मोहीम मात्र ठरावीक मुदतीची होती.

भेटींचा परिणाम कोठे अधिक होतो याचेही काही संकेत आहेत. ब्रिटनमध्ये सामुदायिक फार्मासिस्टांनी दिलेल्या भेटींच्या एका चाचणीत एक-दोन डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यांत सुधारणा लक्षणीय होती, तर अनेक डॉक्टर एकत्र काम करणाऱ्या मोठ्या केंद्रांत ती नगण्य होती. भारतातील खासगी प्राथमिक आरोग्यसेवा बहुतांशी एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यातून चालत असल्यामुळे हा निष्कर्ष येथे विशेष महत्त्वाचा ठरतो.

निःपक्षपणाची किंमत

भेट देणाऱ्याला काही विकायचे नसले म्हणून त्याची माहिती आपोआप निःपक्ष होत नाही, कारण ती ज्या पुराव्यावर उभी असते तो पुरावाच निवडक असू शकतो. नैराश्यावरील औषधांच्या अमेरिकी नियामकाकडे नोंदलेल्या ७४ अभ्यासांची एरिक टर्नर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये छाननी केली, तेव्हा प्रसिद्ध लेखांवरून ९४ टक्के अभ्यास औषधाच्या बाजूचे वाटत होते, पण नियामकाच्या मते अनुकूल अभ्यास ५१ टक्केच होते. प्रतिकूल अभ्यासांपैकी बरेचसे प्रसिद्धच झाले नव्हते. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाची कथाही अशीच बोलकी आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचे झटके अधिक दिसले होते, पण हा तुलनेतल्या दुसऱ्या औषधाच्या संरक्षक गुणाचा परिणाम आहे असे स्पष्टीकरण पुढे करण्यात आले आणि औषध सप्टेंबर २००४ पर्यंत विकले जात राहिले. म्हणून चाचणी सुरू होण्यापूर्वीच तिची सार्वजनिक नोंद व्हावी असा आग्रह वाढला, आणि भारतातही २००७ मध्ये सुरू झालेल्या नोंदवहीत क्लिनिकल चाचण्यांची नोंद जून २००९ पासून सक्तीची झाली.

पुराव्याची अशी स्वतंत्र छाननी करून डॉक्टरांना सांगणारी नियतकालिके या क्षेत्राचा दुसरा आधार आहेत. ब्रिटनचे ‘ड्रग अँड थेराप्युटिक्स बुलेटिन’ १९६२ पासून, ‘ऑस्ट्रेलियन प्रिस्क्रायबर’ १९७५ पासून, तर फ्रान्सचे ‘प्रेस्क्रीर’ १९८१ पासून निघते. यांतील शेवटचे जाहिराती घेत नाही आणि वर्गणीदारांच्या पैशावर चालते. कॅनडात ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९९४ मध्ये सुरू झालेला ‘थेराप्युटिक्स इनिशिएटिव्ह’ हा गट एकेका औषधाचा पुरावा तपासून संक्षिप्त पत्रके काढतो.

भेटींच्या यंत्रणेला मात्र वर्गणी पुरत नाही; तिला पगारी, प्रशिक्षित माणसे आणि वर्षानुवर्षे येणारा पैसा लागतो. ऑस्ट्रेलियाने १९९८ मध्ये केंद्र सरकारच्या निधीतून ‘नॅशनल प्रिस्क्रायबिंग सर्व्हिस’ स्थापन करून देशभरच्या डॉक्टरांपर्यंत भेटी पोचवल्या आणि ही व्यवस्था जगभर आदर्श मानली गेली. तरीही २०२२ च्या अर्थसंकल्पात तिचा निधी काढून घेण्यात आला आणि त्या वर्षअखेरीस ती संस्था बंद झाली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्य वृद्धांसाठीच्या औषधयोजनेतून २००५ पासून अशा भेटींचा खर्च करते, निवृत्त सैनिकांची रुग्णालय यंत्रणा अफूजन्य वेदनाशामकांचा वापर आटोक्यात आणण्यासाठी त्या वापरते, आणि गॅबापेंटिन या औषधाच्या गैरवाजवी प्रचाराबद्दल २००४ मध्ये कंपनीकडून वसूल झालेल्या ४३ कोटी डॉलरच्या तडजोडीतील काही रक्कमही डॉक्टरांच्या निःपक्ष शिक्षणासाठी वापरली गेली. पैसा विमा कंपनीचा किंवा सरकारच्या काटकसर विभागाचा असला की डॉक्टरला दुसरी शंका येते : हा शास्त्र सांगायला आला आहे की खर्च कमी करायला? त्यामुळे निःपक्ष माहिती ही स्वस्ताच्या बाजूने झुकलेली माहितीही असता कामा नये. जेथे महाग औषध खरोखर सरस आहे तेथे ते लिहा असे सांगण्याची तयारी असल्यावरच भेट देणाऱ्याच्या शब्दाला वजन येते.

भारतातील चित्र

औषधांच्या शास्त्रीय वापराचा विचार भारतात नवा नाही. औषध उद्योगाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने नेमलेल्या हाथी समितीने १९७५ मध्येच ब्रँडनावांऐवजी मूळ नावांचा पुरस्कार केला होता. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ मध्ये आवश्यक औषधांची पहिली यादी केली. आणि भारताची १९९६ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय यादी २०२२ च्या आवृत्तीत ३८४ औषधांची झाली. महाराष्ट्रात लोकविज्ञान संघटना, मेडिको फ्रेंड सर्कल आणि अखिल भारतीय पातळीवरील ड्रग ॲक्शन नेटवर्क यांच्याशी निगडित असलेले पुण्याचे डॉ. अनंत फडके यांनी अशास्त्रीय औषधांविरुद्ध दीर्घकाळ लेखन आणि चळवळ केली. नव्वदच्या दशकात त्यांच्या पुढाकाराने सातारा जिल्ह्यातील औषधांचा पुरवठा आणि वापर यांची जी पाहणी झाली, तिने डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतील अनावश्यक औषधांचा प्रश्न जिल्हा पातळीवर उघड केला. दिल्लीत डॉ. रणजित रॉय चौधरी यांनी १९९४ पासून आवश्यक औषधांच्या यादीवर आधारलेले धोरण आणि प्रशिक्षण उभे केले, तर ‘मिम्स इंडिया’ या औषधविषयक नियतकालिकाचे संपादक डॉ. चंद्र गुल्हाटी यांनी परदेशात मान्यता नसलेल्या औषधांच्या भारतातील विक्रीवर सातत्याने लिहिले. विद्यार्थिदशेतच पाया घालण्याचा प्रयत्नही झाला : रुग्णाची समस्या, उपचाराचे उद्दिष्ट आणि परिणामकारकता, सुरक्षितता, सोय व किंमत या कसोट्यांवर औषधाची निवड, असा क्रम शिकवणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीची सात विद्यापीठांतील २१९ विद्यार्थ्यांवर चाचणी झाली. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत दिल्लीचाही समावेश होता, आणि शिकलेली पद्धत विद्यार्थी नव्या आजारांनाही लावतात व तिचा प्रभाव सहा महिन्यांनी टिकून असतो असे तिच्यात दिसले.

या सर्व प्रयत्नांपुढे बाजाराचे आकारमान मात्र प्रचंड राहिले. एकाच गोळीत ठरावीक प्रमाणात दोन किंवा अधिक औषधे घालून केलेली मिश्रणे हे भारतीय बाजाराचे वैशिष्ट्य आहे; त्यांतील काही उपयुक्त असली तरी अनेकांमागे पुरावा नाही. या मिश्रणांच्या तपासणीसाठी नेमलेल्या कोकाटे समितीच्या शिफारशींवरून मार्च २०१६ मध्ये ३४४ मिश्रणांवर बंदी आली, दिल्ली उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानुसार फेरतपासणी होऊन सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर पुन्हा बंदी घालण्यात आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. बंदी न्यायालयात अडकलेल्या काळात डॉक्टरपर्यंत त्या मिश्रणांचा प्रचार पोचत राहिला, त्यांच्याविरुद्धचा पुरावा घेऊन मात्र नियमितपणे कोणी गेले नाही. प्रतिजैविकांबाबतही असेच दिसते. २०१९ च्या खासगी विक्रीच्या अभ्यासात देशात सर्वाधिक खपणारे प्रतिजैविक ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी हे होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध जपून वापरण्याच्या गटात ठेवले आहे.

नियमनाची दिशा आजवर मुख्यतः डॉक्टरांना कंपन्यांकडून मिळणारे लाभ थांबवण्याकडे राहिली आहे. भेटवस्तू आणि प्रवासखर्च स्वीकारण्यावर वैद्यकीय परिषदेने २००९ मध्ये डॉक्टरांना मनाई केली. अशा भेटवस्तूंवरील खर्च कंपन्यांना प्राप्तिकरातून वजा करता येणार नाही असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला. आणि औषधांच्या प्रचाराविषयीच्या मार्च २०२४ च्या केंद्रीय संहितेने सॅम्पलवरील खर्चाला देशांतर्गत विक्रीच्या दोन टक्क्यांची मर्यादा घातली, एका वर्षाहून अधिक काळ उपलब्ध असलेल्या औषधाला ‘नवे’ म्हणण्यास मनाई केली आणि डॉक्टरांसाठीचे कार्यक्रम परदेशात घेण्यास बंदी केली. हे सारे आवश्यक असले तरी त्याने पोकळी भरत नाही, कारण प्रचार आटोक्यात आणला तरी त्याच्या जागी माहिती कोण देणार हे अनुत्तरितच राहते. मूळ नावाने औषधे लिहिण्याची सक्ती करणारे राष्ट्रीय वैद्यक आयोगाचे ऑगस्ट २०२३ चे नियम त्याच महिन्यात स्थगित झाले, यावरूनही शिक्षणाची आणि विश्वासाची तयारी नसताना हुकूम किती दूर जातो हे दिसते.

महाराष्ट्रात या पोकळीला एक खास परिमाण आहे. आयुर्वेदाच्या पदवीधरांना येथे १९९२ पासून आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे आणि होमिओपॅथीच्या पदवीधरांसाठी २०१४ च्या कायदादुरुस्तीने औषधशास्त्राच्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाची वाट काढली. या धोरणाच्या योग्यायोग्यतेवर तीव्र मतभेद आहेत. परंतु तालुक्याच्या आणि खेड्याच्या पातळीवर आधुनिक औषधांच्या चिठ्ठ्यांचा मोठा वाटा या व्यावसायिकांचा असताना त्यांचे औषधज्ञान अद्ययावत ठेवण्याचे काम व्यवहारात प्रतिनिधींकडेच सोपवलेले आहे. एमबीबीएस डॉक्टरांना पाच वर्षांत तीस तासांचे निरंतर शिक्षण अपेक्षित असते, पण ते बहुधा सभागृहातील व्याख्यानांतून होते, ज्यात श्रोत्याच्या स्वतःच्या चिठ्ठ्यांविषयी बोलणे होतच नाही.

परिपत्रकांची मर्यादा मुलांच्या खोकल्याच्या औषधांवरून स्पष्ट होते. दूषित सिरपमुळे २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातली मुले दगावली आणि त्यांतील अनेकांवर नागपूरच्या रुग्णालयांत उपचार झाले होते. विषारी द्रावक सिरपमध्ये येणे हा उत्पादनाच्या दर्जाचा गुन्हा होता, परंतु एवढ्या लहान मुलांना असे सिरप लिहावेच का, हा प्रश्न औषधयोजनेचा होता. चार वर्षांखालील मुलांना सर्दीचे एक विशिष्ट मिश्रण देऊ नये अशी सूचना औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढली होती. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे लिहू नयेत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा कळवले. टेनेसीच्या प्रयोगातले पत्रक निष्प्रभ ठरण्यामागे जे कारण होते, तेच येथेही लागू पडते.

ज्ञान असूनही वर्तन का बदलत नाही, याचा सर्वांत सूक्ष्म अलीकडचा पुरावा भारतातूनच आला आहे. कर्नाटक आणि बिहारमधील दोन हजारांहून अधिक खासगी व्यावसायिकांवर झालेला आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मुलांच्या जुलाबावरील ओआरएस, म्हणजे जलसंजीवनी, याविषयी होता. ओआरएस न लिहिण्याचे ४२ टक्के स्पष्टीकरण ‘रुग्णाला ते नको असते’ या डॉक्टरच्या समजुतीत सापडले; आर्थिक लाभाचा वाटा ५ टक्के आणि साठा नसण्याचा ६ टक्के इतकाच निघाला. ही समजूत व्याख्यानात उघड होत नाही, कारण तेथे डॉक्टरला ओआरएसचे गुण पुन्हा ऐकवले जातात, जे त्याला आधीच ठाऊक असतात. समोरासमोरच्या भेटीत मात्र ‘तुम्ही का लिहीत नाही’ असे विचारता येते आणि आईला ओआरएस पटवून देण्यासाठी काय बोलावे यावर चर्चा होऊ शकते.

निष्कर्ष

वरील पुराव्यावरून महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी काही गोष्टी निश्चितपणे म्हणता येतात. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे औषधशास्त्र विभाग, नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि फार्मसीचे पदवीधर यांच्या रूपाने अशा भेटींसाठी लागणारे मनुष्यबळ येथे उपलब्ध आहे. सुरुवात लहान मुलांची सर्दी आणि जुलाब, साधा ताप, उच्च रक्तदाब अशा मोजक्या विषयांपासून आणि एक-दोन जिल्ह्यांतून करता येईल. भेटींत सर्व पद्धतींच्या नोंदणीकृत व्यावसायिकांना घ्यावे लागेल. भेटींना निरंतर शिक्षणाच्या तासांत मोजता येईल. आणि परिणाम मोजण्यासाठी काही जिल्ह्यांत भेटी आधी व काहींत नंतर अशी सोडतीने योजना आखता येईल, म्हणजे यंत्रणेचा पुरावाही तिच्याबरोबरच तयार होईल. त्याच वेळी अशास्त्रीय मिश्रणांवरील नियंत्रण आणि लाभांवरील बंदी ढिली पडू देता येणार नाही, कारण शैक्षणिक भेट ही नियमनाची जागा घेऊ शकत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या अनुभवातून आणखी एक अट पुढे येते. एका अर्थसंकल्पात सुरू होऊन दुसऱ्यात बंद पडणारी मोहीम अखंड चालणाऱ्या प्रचारापुढे टिकत नाही, म्हणून या कामाचा निधी आणि त्याची स्वायत्तता कायद्याने बांधलेली असावी लागते. हा खर्च कोठून आणायचा असा प्रश्न नेहमी विचारला जातो, पण डॉक्टरला औषधांची माहिती पोचवण्याचा खर्च आजही होतच आहे; तो औषधाच्या किमतीत मिळवला जातो आणि रुग्ण तो चुकता करतो. त्याचा एक लहान हिस्सा विक्रीशी संबंध नसलेल्या माहितीकडे वळवणे हा आर्थिक कुवतीपेक्षा धोरणात्मक इच्छेचा प्रश्न आहे, आणि चार दशकांच्या प्रयोगांनी त्या इच्छेला लागणारा शास्त्रीय आधार पुरेसा दिलेला आहे.